दिवा लागेपर्यंत

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी जेवणाच्या टेबलावरचा फोन थरथरला आणि शेजारच्या कपातला चहा बशीत सांडला.

"आला!" लिफ्टमन ओरडला.

"ओरडता काय, वाचा," बायको म्हणाली. तिला फोनच्या जागी फक्त एक काळा डाग दिसत होता.

पाच महिने ज्याची वाट बघितली तोच निरोप होता. डोळ्यांच्या इस्पितळाचा. लिफ्टमननं चष्मा नाकावर ओढला आणि एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं, "नमस्कार, मी नेत्रमित्र. आपल्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदू शस्त्रक्रिया उद्या सकाळी नऊ वाजता ठरली आहे. खालचे बटण दाबून होकार कळवावा. आज दुपारी बारा वाजता यादी बंद होईल. होकार नसल्यास आपली जागा प्रतीक्षेतील पुढच्या रुग्णास दिली जाईल."

खाली एक निळं बटण होतं. त्यावर लिहिलं होतं, 'येणार'.

नेत्रमित्र हा माणूस नव्हता. पूर्वी इस्पितळाच्या खिडकीत एक बाई बसायची. खेकसायची, पेन आपटायची, "पुढच्या आठवड्यात या" म्हणायची. पण म्हणायची तरी! वर्षापूर्वी तिला उठवलं, खिडकीला फळी ठोकली आणि सगळ्यांच्या फोनमध्ये हा मित्र बसवला. मित्र खेकसत नाही, कारण मित्र बोलतच नाही. उत्तर न देणाऱ्या माणसाला आपण माजोरडा म्हणतो. उत्तर न देणाऱ्या यंत्राला सुविधा म्हणतात आणि तिच्या उद्घाटनाला फीत कापतात.

ही सुविधा बांधली होती लिफ्टमनच्या एकुलत्या एका जावयानं.

बायकोचा डावा डोळा केव्हाच गढूळ झाला होता. उजव्याचाही भरवसा उरला नव्हता. गेल्या महिन्यात तिनं खुंटीवरच्या कोटाला "या, बसा" म्हटलं आणि त्याच्यापुढे पाण्याचा पेला धरून उभी राहिली. इस्पितळातल्या मोठ्या मॅडमनी बजावलं होतं, "ही वेळ चुकली तर पुढची पाच महिन्यांनी. तोवर मोतीबिंदू इतका पिकेल, की हात लावायला मीसुद्धा धजणार नाही."

तेव्हा चूक करून चालणार नव्हतं. लिफ्टमननं अंगठा पँटला पुसला आणि बटण दाबलं. टक्.

काही झालं नाही.

आता हा माणूस चौतीस वर्षं पंधरा मजली इमारतीच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसला होता. त्याला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. एक, बटण दाबलं की त्यात दिवा लागतो, आणि नाही लागला तर परत दाबायचं. दुसरी, दाबताना बटणाकडे बघायचं नसतं. अंगठ्याला जागा माहीत असते, नजर दाराच्या वर, मजल्याच्या आकड्याकडे. म्हणून त्यानं फोनवर अंगठा ठेवला, नजर छताकडे लावली आणि कामाला लागला. टक्. मग खाली बघितलं. दिवा नाही. टक्. टक्टक्.

"अहो, किती दाबताय?"

"दिवा लागत नाही ना!"

"फोनला दिवा असतो?"

"बटणाला असतो. नसेल तर ते बटणच नव्हे."

चारेक मिनिटांनी फोन थरथरला. 'आपली जागा नक्की झाली. धन्यवाद.'

"बघ!" लिफ्टमन खुर्चीत मागे रेलला. "मागे लागलं की यंत्र वठणीवर येतं. माणसांचं तेच आहे."

बायकोनं हात जोडले. लिफ्टमननं बशीतला चहा प्यायला. कपातला प्यायला लागणार, तेवढ्यात फोन पुन्हा थरथरला.

'आपली जागा रद्द झाली. कळवल्याबद्दल धन्यवाद.'

"कुणी कळवलं?" लिफ्टमन ताडकन उठला. "मी तर हातसुद्धा लावला नाही! कुणी कळवलं याला?" आणि ज्या अंगठ्यानं हात लावला नव्हता, त्याच अंगठ्यानं त्यानं तेच बटण सलग सहा वेळा दाबलं.

मग त्यानं बायकोचा मोठ्या कळांचा जुना फोन उचलला आणि जावयाला लावला.

"जावईबापू, तुमचा मित्र उलटलाय."

"काय झालं, बाबा?"

"येणार म्हणून दाबलं, तर म्हणतो रद्द."

पलीकडून सावध आवाजात, "किती वेळा दाबलंत?"

"दाबलं आपलं. दिवा लागेपर्यंत."

"कसला दिवा?"

"बटण दाबल्यावर लागतो तो."

"बाबा, त्यात दिवा नाहीये."

"मग दाबलं गेलं हे माणसाला कळायचं कसं?"

हा प्रश्न बिनतोड होता. सुविधा बांधताना तो जावयाला सुचला नव्हता, इस्पितळातल्या बैठकांत बिस्किटं खाणाऱ्या एकालाही सुचला नव्हता. बिनतोड प्रश्नावर शिकलेला माणूस जे करतो ते जावयानं केलं. आवाज चढवला.

"एकदा दाबलं की नक्की. परत दाबलं की रद्द. परत दाबलं की परत नक्की! कुणाचा विचार बदलला तर त्याची सोय म्हणून ठेवलंय तसं!"

"ही सोय? लिफ्टचं बटण दहादा दाबलं तरी लिफ्ट एकदाच येते! दुसऱ्यांदा दाबलं म्हणून रुसून खाली जात नाही!"

"ही लिफ्ट नाहीये, बाबा! तुम्ही नेमकं दाबलंत कसं?"

"कसं म्हणजे? हे असं!" लिफ्टमननं टेबलावरच्या फोनवर अंगठा आपटला. टक्, टक्.

"आत्ता खरंच दाबलंत?"

"तुम्हाला दाखवत होतो."

"त्याला काय माहीत तुम्ही दाखवताय!" जावई आता जवळजवळ रडत होता. "ऐका. प्रत्येक दाबण्याची इथे शस्त्रक्रिया विभागात एक चिठ्ठी छापली जाते. ती बाहेर पडल्याशिवाय पुढची नोंद हलत नाही. प्रिंटर म्हातारा आहे, एका चिठ्ठीला तीन-चार मिनिटं घेतो. तुमचं एकेक दाबणं आता रांगेत उभं आहे. शेवटचं विषम आलं तर जागा नक्की. सम आलं तर गेली. नीट आठवून सांगा, किती वेळा?"

"सत्तावीस," बायको म्हणाली.

"सव्वीस," लिफ्टमन म्हणाला. "आत्ता दाखवताना एकदा बोट नुसतं घासलं."

"आधी एकोणीस. मग सहा. आता दोन. सत्तावीस."

"तू मोजत होतीस?"

ती मोजत नव्हती, तिच्याकडून मोजलं जायचं. बावीस वर्षं तिनं टायपिंगच्या क्लासात शिकवलं होतं. पाठ करून बसायची आणि तिसऱ्या रांगेत कुणाचं बोट दोनदा पडलं ते न वळता सांगायची. डोळे गेले तसे कान आणखी तिखट झाले होते. पण लिफ्टमनला कानांवर भरवसा नव्हता. ज्याचा दिवा लागत नाही असं काहीच त्याला पटत नसे.

"सव्वीस असले तर गेलं सगळं. एकदा दाबून टाकतो, म्हणजे..."

"म्हणजे माझे सत्तावीस खरे असले तर अठ्ठावीस होतील. हात लावून तर बघा!" आणि तिनं चाचपडत त्याचा उजवा अंगठा शोधला आणि मुठीत गच्च धरला.

तसंच, अंगठा धरून, ती त्याला इस्पितळात घेऊन गेली. रस्ता त्याला दिसत होता, पण चालवत ती होती.

इस्पितळात तळमजल्यावर फळी ठोकलेली खिडकी होती. फळीवर कागद होता, 'चौकशी नेत्रमित्राकडे करावी'. लिफ्टमननं फळीवर एक गुद्दा मारला आणि लिफ्टपाशी आला. डाव्या हातानं बटण दाबलं. एकदाच. लगेच लाल दिवा लागला.

"बघ," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "याला म्हणतात उत्तर."

तिसऱ्या मजल्यावरच्या बोळात मात्र गर्दी होती. उद्याच्या यादीतले बाकीचे सातही जण आले होते. प्रत्येकानं शहाण्यासारखं एकदाच दाबलं होतं आणि एकालाही उत्तर आलं नव्हतं, कारण त्यांची दाबणी लिफ्टमनच्या दाबण्यांच्या मागे अडकली होती. घड्याळात सव्वाअकरा वाजले होते. पंचेचाळीस मिनिटांत यादी बंद.

सगळ्यांत जास्त तापला होता तो एक शिंपी. हा प्रतीक्षेतला पहिला. लिफ्टमनच्या बायकोची जागा रद्द झाली की ती याला मिळायची, आणि नक्की झाली की याच्याकडून जायची.

"सकाळपासून मिळाली, गेली, मिळाली, गेली!" तो फोन नाचवत ओरडत होता. "बायकोनं पिशवी सात वेळा भरली, सात वेळा सोडली. आता म्हणते, तुम्ही घरीच आंधळे व्हा. मला सुईचं नेढं दिसत नाही हो! परवा एका शर्टाला तिसरी बाही लावली! कोण आहे हा बेअक्कल?"

लिफ्टमननं नजर वर केली आणि छताचा रंग बारकाईनं बघायला लागला.

"हे आमचे," बायको म्हणाली आणि त्याचा अंगठा पुढे केला.

सगळे एकदम बोलायला लागले. त्यातले अर्धे शब्द इथे लिहिण्याजोगे नाहीत. उरलेल्यांत "वयाचा तरी मान ठेवा" हे एक वाक्य होतं, ते लिफ्टमनचं स्वतःचं.

गलका ऐकून मोठ्या मॅडम बाहेर आल्या. मागोमाग जावई, घामानं निथळत. मॅडमनी जावयाकडून सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"हे सातजण समोर उभे आहेत. त्यांना तोंडानं विचारा आणि हातानं नोंदवा. एवढं जमेल ना तुमच्या मित्राशिवाय?"

"हो, मॅडम. आणि सासूबाईंचं पण लगेच..."

"कुणाचं?"

जावयानं जीभ चावली. पण गेलेला शब्द आणि दाबलेलं बटण परत येत नाही.

"म्हणजे जावई हातानं सासूचं नाव घालणार?" शिंपी पुढे सरसावला. "पुढे मी असताना? घाला बघू! मीही बघतो!"

"कोणी काही घालणार नाही," मॅडम म्हणाल्या. "यांच्या नावाला हात लावायचा नाही. बारा वाजता मशीनमधून जी चिठ्ठी शेवटची आली असेल ती खरी."

असा न्याय झाला. अनोळखी सात जणांचं काम सहा मिनिटांत उरकलं. अडकली ती एकटी सासू, कारण तिचा जावई आत होता. वशिला कशाला म्हणतात हे ज्यांना कळत नाही, त्यांनी असाही एक वशिला असतो हे ध्यानात ठेवावं.

प्रिंटर सिस्टरच्या टेबलावर होता. बोळातले सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. कोणाचंही काम उरलं नव्हतं, पण घरी जायला कोणी तयार नव्हतं. आधीच्या अठरा चिठ्ठ्या टेबलावर एकीवर एक पडल्या होत्या. प्रिंटर आधी कण्हायचा, मग आत काहीतरी खरवडायचा, मग थांबून दम खायचा आणि शेवटी जीभ दाखवावी तसा कागद बाहेर काढायचा. सिस्टर मोठ्यानं वाचायची.

"एकोणीस. नक्की."

शिंप्याचा चेहरा पडला.

"वीस. रद्द."

शिंप्याचा उजळला, लिफ्टमनचा पडला. असं तेवीसपर्यंत चाललं. दोन चेहरे आणि एक कागद. चोविसाव्याला लिफ्टमननं घाम पुसायला अंगठा सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. बायकोनं मूठ आणखी आवळली.

"पंचवीस. नक्की."

"सव्वीस," सिस्टर म्हणाली. घड्याळात अकरा एकावन्न झाली होती. "रद्द."

सगळे सत्ताविसाव्याची वाट बघायला लागले. प्रिंटर गप्प. अकरा बावन्न. प्रिंटरच्या कोपऱ्यात एक लाल दिवा लुकलुकायला लागला.

"दिवा!" लिफ्टमन म्हणाला.

"कागद संपला," सिस्टर म्हणाली.

"मग घाला!"

"कागद भांडारात असतो. मागणी नोंदवावी लागते."

"मग नोंदवा!"

"नोंदवली ना मघाशी. नेत्रमित्रावर." सिस्टरनं शांतपणे फोन दाखवला. "रांगेत आहे. तुमच्या मागे."

जावयानं कपाळ भिंतीला टेकवलं. कागद आल्याशिवाय रांग हलणार नव्हती आणि रांग हलल्याशिवाय कागद येणार नव्हता. हेही त्याचंच काम होतं. त्यासाठी त्याला गेल्या वर्षी प्रशस्तिपत्रक मिळालं होतं.

"रांगेत आमचं अजून काही आहे का, ते तरी दिसतं?" लिफ्टमननं विचारलं.

"नाही, बाबा. छापून बाहेर आलं की मगच दिसतं."

अकरा त्रेपन्न. लिफ्टमन बायकोच्या कानाशी वाकला. त्याचा आवाज प्रथमच खाली आला होता.

"अगं, सव्वीसच होते. संपलं बघ. शेवटचं रद्द. अजून वेळ आहे, एकदा दाबतो. एकदाच."

"सत्तावीस."

"आणि नसले तर? पाच महिने? तुझा डोळा..."

"डोळा माझा आहे. मोजलेत मी."

"मला ऐकू आलं नाही सत्ताविसावं!"

"तुम्हाला पहिलं तरी ऐकू आलं होतं का? छताकडे बघत होतात." तिनं मान त्याच्या आवाजाच्या दिशेनं वळवली. "लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. एकदा तरी माझं ऐकलंय? न दाबता, न बघता, नुसतं ऐकलंय?"

लिफ्टमनचा अंगठा तिच्या मुठीत ढिला पडला. अकरा चोपन्न.

"सिस्टर," बायको म्हणाली, "त्या सव्वीस चिठ्ठ्या टेबलावर आहेत ना?"

"आहेत."

"मागून कोऱ्या आहेत?"

सिस्टरनं वरची चिठ्ठी उलटली. मागची बाजू कोरी होती.

"उलटून घाला. क्लासात मुलींना मी कागद एका बाजूनं कधी टाकू दिला नाही."

"चालणार नाही!" शिंपी ओरडला. "ही लबाडी आहे!"

मोठ्या मॅडमनी घड्याळाकडे बघितलं, मग शिंप्याकडे. "नाव घालू नका म्हणाले होते. कागद घालू नका म्हणाले नव्हते. घाला."

सिस्टरनं सव्विसावी चिठ्ठी उलटी करून आत सरकवली. लाल दिवा गेला. प्रिंटर कण्हला. खरवडला. अकरा छप्पन्न. दम खायला थांबला आणि इतका वेळ थांबला, की सातांपैकी एका आजोबांनी त्याला "चल रे बाबा" म्हणून थोपटलं. अकरा सत्तावन्न. कागदाचं टोक बाहेर आलं. आधी रुग्णाचं नाव, मग वय, मग कुठला डोळा. शेवटची ओळ यायला अकरा अठ्ठावन्न झाली.

"सत्तावीस," सिस्टर वाचायला लागली आणि तिचा आवाज चिरकला. "नक्की!"

"आणि मागे रद्द आहे!" शिंप्यानं चिठ्ठी हिसकावली. तो ती डोळ्यांपासून चार बोटांवर धरून उलटसुलट करत होता. "कुठली बाजू खरी म्हणायची? हं? कुठली?"

"जिची शाई ओली असेल ती," लिफ्टमनची बायको म्हणाली.

शिंप्याचा अंगठा निळा झाला होता. तो त्यानं बघितला आणि खाली बसला. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले.

"तुम्ही का बसलात?" जावई हातानं लिहिलेली यादी घेऊन आला. "हे आजोबा आत्ता हळूच नाही येणार म्हणाले. त्यांची जागा तुम्हाला. उद्या अकरा वाजता."

"भीती वाटते मला," प्रिंटर थोपटणारे आजोबा म्हणाले. "सकाळी येणार नाही म्हणून सांगायचं होतं, पण तसं बटणच नव्हतं. म्हणून मी 'येणार' दाबलं. मघाशी विचारलंत, तेव्हाही चारचौघांत 'येतो'च म्हणालो."

हे ऐकून शिंप्यानं जावयाकडे असं बघितलं, की जावई तिथून निघूनच गेला. आजोबांचं 'नाही' ऐकून घेणारं कोणी खिडकीत असतं, तर सकाळी दहालाच सगळं मिटलं असतं. पण मग सुविधा कुठली?

शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या मॅडमनी पट्टी काढली तेव्हा बायकोनं आधी खिडकी बघितली, मग पलंगाचा दांडा, मग नवरा.

"कोट नवीन घ्या," ती म्हणाली. "हा पार विटलाय. मला वाटलं होतं चांगला असेल."

पलीकडे जावई फळांची पिशवी घेऊन उभा होता. दोन दिवसांत त्याची दाढी वाढली होती आणि आवाज उतरला होता. तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. लिफ्टमननं सवयीनं हात पुढे केला, पण बायकोनं फोन आधी उचलला आणि नाकापासून हातभर लांब धरून घडाघडा वाचला.

"'नमस्कार, मी नेत्रमित्र. आपल्याला आमची सेवा कशी वाटली?' खाली दोन बटणं आहेत. एक 'उत्तम', एक 'वाईट'."

"आई, ते फक्त मत कळवायला आहे," जावई घाईनं म्हणाला. "त्यानं काही रद्द होत नाही. आणि मी आता त्यात..."

टक्. तिनं दाबलं. बटण तिथल्या तिथे हिरवं झालं आणि खाली अक्षरं आली, 'आपले उत्तर मिळाले'.

"लागला?" लिफ्टमननं मान पुढे काढली.

"लागला दिवा."

"रात्री बसून केलं, बाबा," जावई पुटपुटला. "आता एकदाच दाबलं तरी कळतं."

"चांगलं केलंत, जावईबापू," बायको म्हणाली. "हे तुमच्या मित्राला कळावं म्हणून होतं. आता माझ्या समाधानासाठी." तिनं उशीला पाठ टेकवली, अंगठा पुन्हा 'वाईट'वर ठेवला आणि नवऱ्याकडे बघितलं.

"मी दाबते. तुम्ही मोजा."